इसे-शिमा (जपान): मोत्यांच्या दुकानांपलीकडे तिथं काय आहे?

अजनीची_काकू

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. मुलगा नागोयाला नोकरीला आहे, या मे महिन्यात मी आणि आमचे हे तिकडे जाणार आहोत, लेकाकडे राहणं होईल आणि आपल्या नागपूरच्या नवतप्यातूनही (ते नऊ दिवसांचं कडक ऊन) सुटका. क्योटो, फूजी, टोकियो हे सगळं त्यानं आधीच बुक करून ठेवलंय. पण तो म्हणतो आई, नागोयापासून जवळच इसे-शिमा म्हणून समुद्रकाठचा भाग आहे, कल्चर्ड मोती, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम पिकवलेले, तिथेच जन्मले, तुला आवडेल. आता मला मोत्यांचं वेड वगैरे काही नाही हो, सासूबाईंची बसरा मोत्यांची नथ आहे माझ्याकडे, त्यातला एक निखळला म्हणून इतवारीत गेले होते तर सराफ म्हणाला बसरा आता कुठून आणू काकू, जपानी बसवून देतो. तेव्हापासून डोक्यात आहे की हे जपानी म्हणजे नेमकं कुठलं आणि कोण काढतं.

यूट्यूबवर पाहिलं तर सगळीकडे तेच ते, दोरी बांधलेले दोन खडक, मोत्यांचं शोरूम आणि कोणीतरी शिंपले भाजून खाताना. मला दुकानं पाहायला एवढ्या लांब जायचं नाही. तिथली माणसं कशी राहतात, काय करतात, सहसा कोणी सांगत नाही अशा गोष्टी माहीत असतील तर सांगा. आणि हो, आमचे हे पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, त्यांचं काय करायचं तेही सांगा.

नागोया_रिटर्न

काकू, जाच. मी तिकडे होतो तेव्हा सुट्टी मिळाली की इकडेच पळायचो. नागोयाहून किन्तेत्सु रेल्वेची एक्सप्रेस पकडली की पावणेदोन तासांच्या आत तोबा, अजून पुढे गेलात की काशिकोजिमा, तिथे रूळच संपतात. मिए प्रांताचा हा समुद्रात घुसलेला तुकडा, किनारा इतका वेडावाकडा की खाडी कुठे संपते आणि बेट कुठे सुरू होतं कळत नाही, एकट्या आगो खाडीत साठेक बेटं आहेत. २०१६ ची जी-सेव्हन परिषद काशिकोजिमा बेटावरच झाली होती.

पण तुम्ही माणसांचं विचारलं ना, तर मोती नंतर, आधी आमा. आमा म्हणजे समुद्रात बुडी मारून अ‍ॅबलोनी, शंख, समुद्री शेवाळ काढणाऱ्या बायका. अ‍ॅबलोनी म्हणजे खडकाला चिकटून बसणारा तळहाताएवढा शिंपला, भलता महाग. ऑक्सिजनची टाकी नाही, नळी नाही, एका श्वासात खाली जायचं, तो शिंपला शोधायचा, लोखंडी पट्टीनं एका झटक्यात उचकटायचा (पहिला झटका चुकला की तो असा काही चिकटतो की विसरा) आणि वर यायचं, हे सगळं पन्नासेक सेकंदांत. वर आल्यावर त्या श्वास एकदम सोडत नाहीत, ओठ आवळून हळूहळू सोडतात, त्याची लांब, जरा रडवेली शिटी वाजते. समुद्र शांत असेल तर काठावर ऐकू येते. जपानच्या पर्यावरण खात्यानं १९९६ मध्ये देशभरातले जपून ठेवण्याजोगे १०० आवाज निवडले होते, त्यात ही शिटी आहे.

काही जणी काठावरून पोहत जातात आणि काही जणी नवऱ्याबरोबर होडीतून. होडीवाली वजन धरून सरळ खोल जाते, दोरीचं एक टोक तिच्या कमरेला आणि दुसरं वर नवऱ्याच्या हातात, तिनं हिसका दिला की त्यानं जीव खाऊन ओढायचं. सकाळी घरून भांडून निघाले तर काय करत असतील देव जाणे. एरवी तिकडे जुनी समजूत अशी की नवऱ्याला पोसता येत नसेल तर ती आमा कसली, म्हणजे कमावणारी बाई ही तिथे काही नवी गोष्ट नाही.

तोबाच्या दुकानांत तुम्हाला एक चांदणी आणि एक जाळी अशा दोन खुणा सगळीकडे दिसतील, पिशव्यांवर, किचेनवर. ती नुसती डिझाइन नाही. आमा डोक्याला जे पांढरं फडकं बांधतात त्यावर जांभळ्या दोऱ्यानं ही खूण भरलेली असते. चांदणी हात न उचलता एका रेषेत काढता येते, जिथून सुरू केली तिथेच येऊन मिळते, म्हणजे खाली गेलेली बाई परत वर येणार. जाळीत पाच आडव्या चार उभ्या रेषा, तिची इतकी घरं म्हणजे तितके डोळे पहाऱ्याला, वाईट काही आत शिरू शकत नाही.

आणि नियम फार कडक हं. मिए प्रांतात १०.६ सेंटीमीटरपेक्षा लहान अ‍ॅबलोनी काढला तर तिथेच परत सोडायचा, मोजायची पट्टी सोबत असते. सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत अ‍ॅबलोनी काढायला बंदीच. बाकी दिवशीही आज उतरायचं की नाही आणि किती वेळ, हे गावाची मच्छीमार सोसायटी ठरवते, मनाला आलं आणि मारली उडी असं नाही.

बजाजनगर_बॅकबेंचर

भाऊ एक विचारू का, हे आमा-बिमा आता शोपुरतंच राह्यलं न? मी पाह्यला तो व्हिडिओ, मोत्यांच्या बेटावर पांढरे कपडे घालून बाया उड्या मारते, लोकं वरून टाळ्या वाजवते, झालं. काकूंना उगाच येन घालवायला लावून राह्यले तुम्ही. खऱ्याखुऱ्या किती उरल्या ते सांगा आधी.

नागोया_रिटर्न

बॅकबेंचर, प्रश्न बरोबर आहे, निष्कर्ष नाही. बेटावरचा तो शो शोच आहे, कोणी लपवतही नाही. पण तो कशाचा शो आहे ते बघ. मोत्यांची शेती सुरू झाली तेव्हा लागणारे शिंपले समुद्रतळावरून वर आणायचे आणि काम झाल्यावर परत खाली नेऊन मांडायचे ते याच बायकांनी. लाल भरती आली, म्हणजे पाण्यात विषारी सूक्ष्मजीव माजले, किंवा वादळ यायचं असलं की तेच शिंपले उचलून सुरक्षित जागी हलवायच्या त्याही ह्याच. मोत्याच्या डबीवर नाव दुसऱ्याचं छापलेलं असतं, पाण्यात मात्र ह्या होत्या.

खऱ्या आमा बघायच्या तर आजकाल त्या काळ्या वेटसूटमध्ये असतात, साठच्या दशकापासून, म्हणून तुला व्हिडिओत त्या आमा वाटणारच नाहीत. आकडा विचारलास तर १९५६ मध्ये अख्ख्या जपानात १७ हजारांवर होत्या, २०१७ च्या मोजणीत दोन हजारांच्या आत आल्या, आणि त्यातल्या सगळ्यात जास्त याच तोबा-शिमा पट्ट्यात. बहुतेक जणी साठी-सत्तरीच्या, ऐंशीच्यासुद्धा सापडतात. तरुण पोरी नोकरीला नागोया-ओसाकाला जातात, त्यात त्यांची चूक तरी काय. २०१७ मध्ये सरकारनं तोबा-शिमाच्या आमांची कला राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवली, पण त्यानं शिंपले थोडेच वाढतात.

खरी गोची खाली आहे. कुरोशिओ नावाचा गरम पाण्याचा प्रवाह जपानच्या दक्षिण किनाऱ्यानं वाहतो, तो ऑगस्ट २०१७ मध्ये वळसा घालून वाहायला लागला आणि एप्रिल २०२५ पर्यंत तसाच वाहिला, नोंदी आहेत तेव्हापासूनचा सगळ्यात लांब वळसा. या काळात किनाऱ्याजवळचं पाणी तापलं, खडकावरची शेवाळाची रानंच्या रानं संपली, आणि अ‍ॅबलोनी जगतो त्या शेवाळावर. बाई खाली जाते तर नुसता बोडका खडक. आता सांग, हा शो आहे का.

बजाजनगर_बॅकबेंचर

बरं बाप्पा, घेतला शब्द मागे. तापलेल्या पाण्याचं माहीत नव्हतं.

इतवारीचा_सराफ

काकू, तुमच्या नथीचा विषय निघाला म्हणून आम्ही पण टपकलो. तुमच्या सराफानं खोटं नाही सांगितलं. बसरा म्हणजे आखाती समुद्रातला नैसर्गिक मोती, बहरीन, कुवेत त्या बाजूचा, अन् त्याचा मोठा बाजार होता आपल्या मुंबईत. १९२९ ची जागतिक मंदी अन् हा जपानी मोती दोन्ही एकदम अंगावर आले अन् आखातातला धंदा बसला तो उठलाच नाही, नंतर तर बहरीनला १९३२ मध्ये तेल लागलं, मग कोण कशाला बुड्या मारते. म्हणून जुना बसरा म्हणजे आता जेवढा लोकांच्या डब्यांत आहे तेवढाच.

ज्या माणसामुळे हे झालं तो तोबाचाच, मिकिमोतो कोकिची, जन्म १८५८ चा, बापाचं उदोन शेवयांचं दुकान, हा पोट्टा भाजी विकायचा. शिंपल्यात आपण होऊन मोती का तयार करू नये म्हणून मागं लागला. १८९२ मध्ये ते लाल भरतीचं संकट आलं अन् आगो खाडीतले ठेवलेले शिंपले गेले, तोबाच्या बेटाजवळ ठेवलेले तेवढे वाचले, अन् त्यातच ११ जुलै १८९३ ला बायको उमेसोबत उघडून पाहताना पाच मोती निघाले. पण गंमत अशी की ते पूर्ण गोल नव्हतेच, शिंपलीला चिकटलेले अर्धगोल. आज जो गोल मोती विकल्या जाते त्याची रीत मिसे तात्सुहेई अन् निशिकावा तोकिची या दोघांच्या नावानं ओळखल्या जाते, अन् निशिकावा हा मिकिमोतोचा जावई. लोकं मात्र सासऱ्यालाच ओळखते. बरं, सासरा धंद्यात पक्का, १९३२ मध्ये कोबे शहरात हलके मोती सगळ्यांसमोर जाळून टाकले त्यानं, म्हणजे जपानी मालाचं नाव खराब व्हायला नको.

आता मोती बनते कसा ते सांगतो, आमच्या दुकानात येणाऱ्या शंभरातल्या नव्वद लोकांना वाटते की वाळूचा कण टाकला की झालं. नाही. शिंपल्याचं तोंड किंचित उघडून पाचर अडकवतात अन् आत घालतात एक गोळी अन् दुसऱ्या शिंपल्याच्या आतल्या नरम पापुद्र्याचा भाताच्या कणीएवढा तुकडा. तो तुकडा गोळीभोवती वाढून पिशवी तयार करते अन् पिशवी तिच्यावर थर चढवत जाते. अन् ती गोळी कशाची? अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातल्या नद्यांच्या जाड शिंपल्याची, घासून गोल केलेली. म्हणजे जपानी मोत्याच्या पोटात अमेरिकन नदी बसून आहे. मग ते शिंपले जाळीत घालून तराफ्याला टांगतात, वरचेवर घासून साफ करावे लागते, नाही तर त्यांच्यावर दुसरेच जीव घर करते. काढायचा हंगाम डिसेंबर-जानेवारी, कारण थंड पाण्यात थर एकदम बारीक बसते अन् खरी चमक तिथून येते.

धंदा तिथंही सोपा नाही राह्यला. २०१९ मध्ये आगो खाडीत अन् तिकडे एहिमे प्रांतात लहान शिंपले पटापट मेले, नंतर विषाणू निघाला त्यामागे. माल कमी अन् भाव वर, त्याचा चटका इतवारीपर्यंत आला होता, गिऱ्हाइकाला वाटते आम्हीच वाढवले.

सीताबर्डी_सेन्सेई

सराफ काकांनी मोती मस्त सांगितले, मी जपानी शिकवते म्हणून दोन-चार गोष्टी माझ्याकडून. शिमाच्या शेजारीच इसे, तिथलं जिंगू म्हणजे जपानमधलं सगळ्यात मोठ्या मानाचं देवस्थान, लहान-मोठी मिळून १२५ मंदिरं. दर २० वर्षांनी मुख्य मंदिरं शेजारच्या मोकळ्या जागेवर जशीच्या तशी नवी बांधतात आणि देवी (सूर्यदेवी अमातेरासु) नव्या घरात जाते, हे सगळ्यांना माहीत असतं. पहिल्यांदा केलं ६९० मध्ये, मधे लढायांच्या काळात शंभरावर वर्षं खंड पडला, ६२ वी खेप २०१३ ला झाली, पुढची २०३३ ला, आणि तिचे विधी २०२५ च्या मे मध्येच सुरू झालेत, आठ वर्षं आधी. पण जुन्या लाकडाचं काय होतं ते फार कोणी सांगत नाही. जुन्या मंदिरांचे मुख्य खांब तासून देवस्थानाच्या दारातल्या उजी पुलाच्या दोन टोकांच्या कमानी करतात, त्या तिथे २० वर्षं उभ्या राहतात, मग तिथून काढून जुन्या यात्रामार्गावरच्या सेकी आणि कुवाना या ठिकाणी परत कमानी म्हणून लावतात. काकू, पुलावरून जाताना त्या लाकडाला हात लावून बघा.

आणि समुद्राचा संबंध इथे येतो. देवीला रोज सकाळ-संध्याकाळ दोन वेळा नैवेद्य असतो, लाकडावर लाकूड घासून काढलेल्या विस्तवावर शिजवलेला. मीठ बाहेरचं चालत नाही, फुतामी किनाऱ्यावर देवस्थानाचं स्वतःचं मिठागर आहे, भर उन्हाळ्यात तिथे खारं पाणी घेऊन आटवतात आणि मग ते मीठ त्रिकोणी मातीच्या साच्यात भरून भाजून घट्ट करतात. अ‍ॅबलोनी जातो कुझाकी नावाच्या आमांच्या गावातून. तो तिथले म्हातारे पुरुष सफरचंद सोलल्यासारखा गोल फिरवत लांब पट्टीत कापतात, वाळवतात आणि गवताच्या दोरीत ओवून पाठवतात. बायकांनी काढायचा आणि पुरुषांनी कापायचा. जपानी आहेराच्या पाकिटावर उजव्या कोपऱ्यात कागदाची घडी आणि मधे पिवळी पट्टी असते, पाहिली असेल, ती पट्टी म्हणजे हाच वाळवलेला अ‍ॅबलोनी, आता नुसता कागदाचा किंवा छापलेला. आहेर देणाऱ्या निम्म्या जपान्यांना हे माहीत नसतं, मी विचारून पाहिलंय.

या इसेला एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) वारीसारखी झुंबड उडायची. १८३० मध्ये काही महिन्यांत ४० लाखांवर लोक आले असं मानतात, नोकर मालकाला न विचारता निघून यायचे आणि यात्रेला गेला म्हटल्यावर परत आल्यावर त्याला शिक्षा करायची नाही अशी रीत होती. आणि ज्याला आजारपणामुळे जाता येत नसे तो आपला कुत्रा पाठवायचा.

बजाजनगर_बॅकबेंचर

काय?? कुत्रा एकटाच? अन् पोचते कसा तो, त्याला कोण रस्ता सांगते?

सीताबर्डी_सेन्सेई

हो, खरंच. गळ्यात पैसे आणि हा इसेला निघालाय अशी चिठ्ठी बांधायची आणि सोडायचा. वाटेतले यात्रेकरू त्याला सोबत घ्यायचे, गावकरी खायला घालायचे, त्याच्या पैशांतून जेवढं लागलं तेवढंच घ्यायचे, काही जण पुण्य म्हणून उलट भर टाकायचे. परत येताना गळ्यात देवस्थानाचा अंगारा म्हणा, ताईत म्हणा, असायचा. हिरोशिगेच्या चित्रात असा कुत्रा आहे. आता मात्र कुत्र्याला आवारात प्रवेश नाही, फाटकाशी ठेवून जावं लागतं, आणि बाहेरच्या बाजारात त्याच्याच मातीच्या मूर्ती विकतात.

अजून एक, ही तर फार कमी लोकांना माहीत असते. तोबासमोर तोशी म्हणून बेट आहे, बोट जाते. तिथल्या तोशी गावात मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा झाला की त्याच्याच वयाच्या मुलांसोबत गावातल्या एका दुसऱ्या घराशी जोडला जायचा, रात्री झोपायला तिथे. त्या घरचे नवरा-बायको म्हणजे त्यांचे मानलेले आई-बाप. त्यातल्या कोणाचं लग्न होईपर्यंत हे चालायचं आणि नातं मात्र जन्मभराचं, ती पोरं एकमेकांची भावंडंच. मासेमारीच्या गावात रात्री-बेरात्री वादळ आलं, आग लागली की तरुण हात एका जागी तयार पाहिजेत, आणि एखाद्याची होडी परत आली नाही तर त्याच्या घराला बघणारं कोणी पाहिजे. आता पोरं शिकायला बाहेर राहतात म्हणून सुट्टीत जमतात तेव्हाच, पण मोडलेलं नाही. त्याच गावात घराच्या दारांवर, होड्यांवर, सगळीकडे काजळीनं गोलात एक जपानी अक्षर काढलेलं दिसेल, गावच्या हाचिमान देवाची खूण, जत्रेत मिळवलेल्या काजळीनं काढतात.

अजनीची_काकू

मंडळी, तुम्ही तर खजिनाच उघडलात, मी हे सगळं ह्यांना वाचून दाखवलं, ते तेवढ्यात म्हणाले की कुत्र्याला पाठवायची सोय अजून असती तर मी घरीच राह्यलो असतो. सेन्सेई, तोशीच्या त्या आईला मला भेटायला आवडलं असतं, परक्याच्या पाच-सहा वाढत्या पोरांना रोज रात्री घरात घ्यायचं म्हणजे काय असतं ते आई झालेल्या बाईलाच कळेल. सराफ भाऊ, तिथून मोती घ्यावा का मग? आणि जेवणाचं कोणीच बोललं नाही.

इतवारीचा_सराफ

हौस म्हणून एखादा घ्या काकू, स्वस्त मिळते या आशेनं नको. भिंगातून भोकाच्या कडेला पाहा, आतली गोळी अन् वरचा थर वेगळा दिसते, थर जितका जाड तितका मोती टिकते. अन् दाखवताना ते काळ्या कापडावर दाखवते, तुम्ही पांढऱ्या कागदावर ठेवून मागा, रंग खरा कळते.

नागोया_रिटर्न

जेवणाचं सांगतो. आमांच्या झोपडीत, म्हणजे त्या बुडी मारून आल्यावर जिथे शेकोटीशी बसतात तशा ठिकाणी, पाहुण्यांना जेवू घालतात, तुम्ही जाल तर गप्पांसाठी जा, पण काकांना तिथे भात आणि लोणच्याशिवाय काही मिळणं कठीण, बुकिंगच्या वेळी मुलाला स्पष्ट सांगायला लावा. इसे उदोन म्हणजे जाडजूड मऊ शेवया आणि काळा रस्सा, दिसायला बिनमांसाचा, पण रश्श्यात सुक्या मासळीचं पाणी असतं. बिनधास्त खायचं तर आकाफुकु, तांदळाच्या मऊ गोळ्यावर गोड लाल चवळीसारख्या डाळीचं पुरण, १७०७ पासून इसेत विकतात, सोबत हिरवा चहा. वरून बोटांनी तीन खाचा पाडलेल्या असतात, त्या इसुझु नदीच्या लाटा. बाकी घरून दशम्या, चटणी न्या, नागोयाच्या मुलाकडे कुकर असेलच.

आणि तारखेचं महत्त्वाचं, एप्रिलच्या शेवटापासून ५ मे पर्यंत जाऊ नका, अख्खा जपान सुट्टीवर असतो, गाडीत उभं राहायला जागा मिळत नाही. त्यानंतर जा, पाणी अजून गार असतं पण आमांचा हंगाम चालू असतो. तोबाच्या सागरी लोकजीवनाच्या म्युझियमला अर्धा दिवस ठेवा, जुन्या लाकडी होड्यांचं भांडार आहे तिथे. तोशीची बोट सकाळची पकडा आणि परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ चढण्याआधीच विचारून घ्या.